चौकातला पुतळा ते शाळेतला अर्धपुतळा : नाशिकमधील एका कॅप्टनच्या स्मारकाचे प्रकरण

इंदिरानगरात राहणारे कुटुंब. वडील नाशिक रोडच्या सिक्युरिटी प्रेसमधून निवृत्त, आई शिक्षिका, धाकटी बहीण इंजिनिअरिंगला. मुलगा २६ वर्षांचा, अविवाहित. कमिशन तोफखान्यात, नेमणूक राष्ट्रीय रायफल्सच्या बटालियनमध्ये, हुद्दा कॅप्टन. ऑगस्टमध्ये कुपवाडा जिल्ह्यात घुसखोरांशी झालेल्या चकमकीत त्याला आणि त्याच्या तुकडीतल्या एका जवानाला वीरमरण आले. हे वर्णन कुठल्याही एका घराचे नाही. अशा घरांमध्ये पुन्हा पुन्हा जे घडते ते एकत्र करून हे प्रकरण बांधले आहे, तेव्हा त्यात कोणाचे नाव शोधू नये. नियम आणि तांत्रिक बाजू मात्र जशीच्या तशी आहे.

अंत्यसंस्काराच्या दिवशीच पुतळ्याची घोषणा झाली. प्रत्यक्ष काम पुरे व्हायला तीन वर्षे गेली, आणि त्याचे कुणाचे काही बिघडले नाही. बिघडणार होते ते वेगळ्याच ठिकाणी. पहिल्या सहा महिन्यांत जे जमवायला हवे होते, ते पुतळ्याच्या धावपळीत हातचे जायची वेळ आली होती.

पहिले तेरा दिवस

पार्थिव ओझरच्या विमानतळावर उतरले, देवळालीच्या लष्करी ठाण्यात राहिले आणि सकाळी घरी आणले गेले. पंचवटीच्या अमरधाममध्ये शोक शस्त्र (बंदुका उलट्या धरून मानवंदना), हवेत तीन फैरी, बिगुलावर लास्ट पोस्ट ही निरोपाची धून. हा भाग लष्कर चोख पार पाडते. त्यात कॉलनीने किंवा मंडळांनी काही भर घालायची गरज नसते, तरी ती घातली जातेच. इथे वाटेत तीन मंडळांनी स्वतःचे तिरंगे पार्थिवावर घातले. त्यातल्या एकावर मंडळाचे नाव छापलेले होते. राष्ट्रध्वजावर कुठलाही मजकूर छापणे हा १९७१ च्या राष्ट्रीय प्रतिष्ठा अपमान प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. सोबतच्या सुभेदार साहेबांनी ते ध्वज न बोलता काढून घेतले, म्हणून निभावले. लष्कराने घातलेल्या ध्वजाची केशरी पट्टी डोक्याकडे असते. अग्नी देण्याआधी तो काढून, घडी करून कुटुंबाच्या हाती देतात. ध्वज चितेवर जळता कामा नये, हे ध्वजसंहितेत स्पष्ट लिहिले आहे.

त्याच गर्दीत ध्वनिक्षेपकावरून तीन घोषणा झाल्या : चौकात पूर्णाकृती पुतळा, रस्त्याला नाव, उद्यानात स्मारक. वडिलांनी मान हलवली. त्या क्षणी कुणीही हलवील. पुढे ‘कुटुंबाची संमती आहे’ असे जिथे जिथे लिहिले गेले, ते त्या मान हलवण्याच्या आधारावर.

अशा वेळी घरातल्या एका नातेवाइकाने, शक्यतो आईवडील किंवा भावंड नसलेल्याने, पुढे येऊन सगळ्यांना एकच वाक्य सांगावे : ‘स्मारकाबद्दल वर्षश्राद्धानंतर बोलू.’ इथे ते काम मामांनी केले, पण तिसऱ्या महिन्यात. तोवर कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये ग्रॅनाइटची एक पाटी उभी राहिलीही होती. तिच्याबद्दल पुढे.

पेटी, फोन आणि माणसे

अधिकाऱ्याचे खासगी सामान युनिटकडून थेट पाठवले जात नाही. त्यासाठी ‘कमिटी ऑफ अ‍ॅडजस्टमेंट’ बसते. ती सामानाची यादी करते, मेसची आणि इतर देणी भागवते, मग पेट्या घरी येतात. याला काही आठवडे, कधी महिने लागतात. यादीची प्रत मागून घ्यावी आणि पेटी उघडताना ती हातात ठेवावी. घरच्यांना पुढे हवी असते ती किरकोळ वस्तू : चष्मा, पाकीट, हिशेबाची वही, अर्धवट वाचलेले पुस्तक. यादीत या गोष्टी ‘इतर’मध्ये जातात, म्हणून त्यांची नावे घेऊन युनिटला आधीच लिहिलेले बरे.

फोनचे गणित घाईचे असते. प्रीपेड नंबर ९० दिवस वापरात नसेल तर बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्या कुणाला दिला जातो. व्हॉट्सअ‍ॅपचे खाते १२० दिवस निष्क्रिय राहिले की साधारणपणे हटवले जाते. गुगल दोन वर्षे न उघडलेले वैयक्तिक खाते पुसू शकते, आणि त्यासोबत त्यातले फोटोही. या घरात बहिणीने दुसऱ्या महिन्यात मृत्यूचा दाखला देऊन नंबर वडिलांच्या नावावर करून घेतला. गुगलकडे मृत व्यक्तीच्या खात्यातली माहिती मिळण्यासाठी अर्ज केला. ते पासवर्ड देत नाहीत. कागद तपासून, योग्य वाटल्यास माहिती देतात. फेसबुकचे खाते स्मृतिखाते करून घेतले. ही तीन कामे झाली नसती, तर त्याच्या सात वर्षांच्या फोटोंपैकी वर्तमानपत्रात छापून आलेला एकच फोटो सगळीकडे फिरत राहिला असता. बहुतेक घरांत तसेच होते.

माणसांचेही तेच. राष्ट्रीय रायफल्समधले अधिकारी आणि जवान आपापल्या मूळ पलटणींतून दोन-अडीच वर्षांसाठी आलेले असतात. मुदत संपली की कुणी सिकंदराबादला, कुणी तेजपूरला. ज्या कंपनीने त्याला रोज पाहिले ती कंपनी दोन वर्षांनी त्याच ठिकाणी असते, पण तिच्यातली माणसे पांगलेली असतात. म्हणून कमांडिंग ऑफिसरच्या परवानगीने, पहिल्या सहा महिन्यांत, प्रत्येकाशी फोनवर अर्धा तास बोलून ते रेकॉर्ड करून ठेवावे. चकमक कशी झाली हे विचारू नये. ते सांगण्याची त्यांना मुभा नसते, आणि विचारले की माणूस गप्प होतो. तो जेवायला काय मागायचा, कुणावर चिडायचा, रात्री गस्तीवरून आल्यावर काय करायचा, हे विचारावे. त्याच्या दिमतीला असलेल्या सहायक जवानाने सांगितले की साहेब तुकडीतल्या सगळ्यांच्या मुलांचे वाढदिवस वहीत लिहून ठेवायचे. ती वही पेटीत आली होती, पण नुसती नावे आणि तारखा पाहून घरी कुणाला काही उमगले नव्हते.

फोटो मागवताना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असे स्पष्ट सांगावे. व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या पद्धतीने आलेला फोटो इतका लहान होतो की मोठ्या छपाईला किंवा शिल्पकाराला उपयोगी पडत नाही. फाईलच्या नावात तारीख, ठिकाण आणि डावीकडून उजवीकडे माणसांची नावे घालावीत. हे दहा वर्षांनी कुणालाच सांगता येत नाही.

गणवेशाबद्दल थोडक्यात. डाग असतील तर धुवायला किंवा ड्रायक्लीनला देऊ नये. खळ काढलेल्या, दोनदा धुतलेल्या मांजरपाटात सैलसर गुंडाळावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही, कारण पावसाळ्यात आत घाम धरून बुरशी येते. पदके ब्रासोने चमकवू नयेत. उठाव झिजतो आणि फीत खराब होते. पत्रांना लॅमिनेशन नको, सेलोटेप तर नकोच. ध्वज काचेत लावायचा तर पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत सोडून. तीन उन्हाळ्यांत केशरी रंग फिका पडतो.

चौकातला पुतळा का अडला

सर्वोच्च न्यायालयाचा १८ जानेवारी २०१३ चा आदेश आहे : सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक उपयोगाच्या जागांवर पुतळा किंवा बांधकाम उभारायला राज्यांनी परवानगी देऊ नये. पुतळ्यांबाबत राज्य शासनाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनाही आहेत. जागेची मालकी, पोलिसांचे ना-हरकत, मातीच्या प्रतिकृतीला कला संचालनालयाची मान्यता, सगळे त्यात येते. चौकातल्या पुतळ्याचा अर्ज या दोन्हींत बसत नाही. पण नाही म्हणायला कुणी तयार नसते. शहीद कॅप्टनच्या फाईलवर नकार कोण लिहील? फाईल फेटाळली जात नाही, नुसती फिरते. अकरा महिने ती फिरली. या काळात आईवडील चार कार्यालयांत जाऊन बसले, हा या प्रकरणातला सगळ्यात टाळता येण्याजोगा भाग.

रस्त्याच्या नावाचा ठराव महापालिकेत तुलनेने सहज झाला. पाटी लागली, पण लोक पत्ता सांगताना जुनेच नाव घेतात, आणि घेत राहतील. तिथे फार अपेक्षा ठेवू नये.

शेवटी तो ज्या शाळेत शिकला, त्या शाळेच्या संस्थेने आवारातली जागा दिली. जागा संस्थेच्या मालकीची, कुंपणाच्या आत, फाटकाला कुलूप, पाणी आणि शिपाई दोन्ही उपलब्ध. चौकापेक्षा ही जागा सर्वार्थाने बरी होती. रोज काही शे मुले समोरून जातात, आणि देखभाल कुणाची हा प्रश्न उरत नाही. परवानगीचे कागद इथेही करावे लागले, पण ते होण्यासारखे होते.

माती, ब्राँझ, पाया

पूर्णाकृतीचा हट्ट सोडून अडीच ते तीन फुटी अर्धपुतळा ठरला. पहिले दरपत्रक फायबरचे आले, स्वस्त. फायबरवरचा ब्राँझ रंग नाशिकच्या उन्हात दोन-तीन वर्षांत पापुद्रे सोडतो आणि नाकाच्या शेंड्यापासून सुरुवात होते. ते परत पाठवले. ब्राँझमध्ये ‘८५-५-५-५’ मिश्रण मागावे : तांबे ८५ टक्के, कथील, शिसे आणि जस्त प्रत्येकी ५. जाडी सगळीकडे ५ ते ६ मिमी, वजन साधारण ७० ते ९० किलो. करारात मिश्रण आणि जाडी दोन्ही लिहून घ्यावे, नाहीतर ‘ब्राँझ’ म्हणून पितळ येते.

शिल्पकाराला बहिणीने सुरुवातीला मोबाईलवरच्या सेल्फी दिल्या. जवळून काढलेल्या सेल्फीत नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात, आणि मातीत नेमके तेच उतरले. आई म्हणाली, ‘हा त्याचा काका दिसतोय.’ दूरवरून झूमने काढलेले समोरचे, दोन्ही बाजूंचे आणि पाऊण चेहऱ्याचे फोटो लागतात. ते एका कोर्समेटच्या (लष्करी प्रशिक्षणातल्या सोबत्याच्या) लग्नाच्या छायाचित्रकाराकडे मिळाले. शिल्पकारांची आणखी एक खोड म्हणजे सव्वीस वर्षांच्या मुलाला चाळिशीचा रुबाब देणे : जबडा रुंद, मिशी दाट, कपाळावर आठ्या. कुटुंबाने मातीची प्रतिकृती किमान तीनदा पाहावी, वेगवेगळ्या उजेडात. साचा घेतल्यावर बदल होत नाही.

गणवेशाची तपासणी लष्करातल्या माणसाकडून करून घ्यावी. इथे मातीत चार चुका सापडल्या. खांद्यावर अशोकस्तंभ होता. तो मेजरचा, कॅप्टनला तीन तारे. नावाची पट्टी डाव्या खिशावर गेली होती, ती उजव्या बाजूला हवी. बेरे टोपीवरचा बिल्ला कपाळाच्या मधोमध होता, तो डाव्या डोळ्याच्या वर येतो. चौथी चूक हल्ली सर्रास दिसते : छातीवर ‘बलिदान’ बिल्ला. तो पॅरा स्पेशल फोर्सेसचा आहे. मुलगा तोफखान्याचा, बिल्ल्यावर तोफ आणि ‘सर्वत्र इज्जत-ओ-इक़बाल’ हे ब्रीद हवे. नाशिकमध्ये यासाठी लांब जावे लागत नाही. तोफखाना केंद्र नाशिक रोडला, स्कूल ऑफ आर्टिलरी देवळालीला. एका निवृत्त तोफखाना अधिकाऱ्याने वीस मिनिटांत हे सगळे दाखवून दिले.

पाया खणताना काळी माती लागली. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचा चबुतरा एका कुशीवर कलतो. मुरूम लागेपर्यंत खाली गेले पाहिजे. इथे तो साडेतीन फुटांवर लागला. चबुतऱ्याचा गाभा आरसीसीचा, बाहेरून २० मिमी काळा ग्रॅनाइट. ग्रॅनाइट नुसत्या सिमेंटवर चिकटवला की तीन-चार पावसाळ्यांनी फळ्या सुटतात, म्हणून प्रत्येक फळीला स्टेनलेसच्या पिना. पुतळा बसवायला १६ मिमीचे चार स्टेनलेस बोल्ट. ब्राँझमध्ये साधे लोखंडी बोल्ट घातले तर ओलाव्यात लोखंड झपाट्याने गंजते आणि वरून काहीच दिसत नाही. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला, त्याआधी त्याचे नट-बोल्ट गंजत असल्याचे सार्वजनिक बांधकाम विभागाने लेखी कळवले होते. अर्धपुतळा पोकळ असतो, त्यामुळे तळाला पाणी निचरण्याचे एक भोकही ठेवावे.

तोंड कुठे करावे याचा विचार बहुतेक जण करतच नाहीत. उत्तराभिमुख पुतळ्याच्या चेहऱ्यावर वर्षातला बराच काळ सावली असते. सकाळचा कार्यक्रम असेल तर पूर्व किंवा आग्नेय. वर छत्री बांधायचा प्रस्ताव आला होता, तो मोडून काढला. छत्री म्हणजे कबुतरांची वसाहत.

शिलालेख

कॉलनीने तिसऱ्या महिन्यात लावलेल्या पाटीवर मृत्यूची तारीख एक दिवस आधीची होती. चकमक आदल्या रात्री सुरू झाली, वर्तमानपत्रांनी ती तारीख छापली; मृत्यू मध्यरात्रीनंतर रुग्णालयात झाला होता. ग्राह्य तारीख एकच, बॅटल कॅज्युअल्टी प्रमाणपत्रावरची (चकमकीत मृत्यू झाल्याच्या लष्करी दाखल्यावरची). पाटीवर रेजिमेंट नव्हती, जवानाचे नाव नव्हते. उद्घाटकांची नावे कॅप्टनच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत होती. पुढच्या २६ जानेवारीला शौर्य चक्र (मरणोत्तर) जाहीर झाले, तेव्हा ते लिहायला जागाही नव्हती. शौर्य पुरस्कार २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला जाहीर होतात आणि शिफारस वर चढत जायला वेळ लागतो. म्हणून दगडावर कोरायचे ते किमान वर्षभराने. तोवर हवी तर फ्लेक्सची पाटी चालते. ती चुकली तर बदलता येते.

नव्या मजकुराचा क्रम असा ठरला : हुद्दा आणि सेवापुस्तकातले पूर्ण नाव, शौर्य चक्र (मरणोत्तर), मूळ रेजिमेंट, मग राष्ट्रीय रायफल्सची बटालियन, जन्म आणि वीरमरणाची तारीख, जिल्हा. खाली चार ओळी. पुरस्काराचा तपशील राजपत्रात प्रसिद्ध झालेल्या मानपत्रातूनच घेतला, त्यात नसलेले काही घातले नाही. ‘एकट्याने सहा जणांना’ छापाची वाक्ये स्थानिक भाषणांतून येतात आणि दगडावर कायमची बसतात. युनिटमधल्या लोकांनी ती वाचली की त्यांना अवघडल्यासारखे होते.

जवानाचे नाव घालायचे हा आईचा आग्रह होता. तो हिमाचलचा. त्याच्या वडिलांची परवानगी फोनवर मिळाली, पण नावाचे लेखन नक्की करायला त्याच्या गावच्या शाळेचा दाखला मागवावा लागला, कारण इंग्रजीतून मराठीत आणताना त्याच्या आडनावाचे तीन प्रकार झाले होते.

कोरणाऱ्याचा स्वतःचा एक घोटाळा असतो. मजकूर युनिकोडमध्ये दिला आणि त्याच्याकडे जुना श्रीलिपी फाँट असला की जोडाक्षरे तुटतात, ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या सरकतात, ‘ऱ्या’चा ‘र्या’ होतो, ‘कॅ’वरचा चंद्र गळतो. मजकूर टाईप करून देऊच नये; अक्षरांचे आकार गोठवलेली फाईल द्यावी आणि सोबत कागदावर पूर्ण आकारात छापून सही करून द्यावी. तीन मीटरवरून वाचायचे असेल तर अक्षर किमान २५ मिमी उंच हवे. देवनागरीत वरखाली मात्रा-उकार असतात, म्हणून दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर लागते. कोरीव खोली २ ते ३ मिमी. पितळी अक्षरे नकोत, ती चोरीला जातात.

अनावरणाला पुतळा तिरंग्यात गुंडाळायचा बेत होता. १९७१ च्या कायद्यात पुतळ्यावर ध्वजाचे आवरण घालणे हा अपमान म्हणून थेट नोंदवलेला आहे. ध्वज बाजूला, वेगळ्या काठीवर. पुतळ्यावर साधे पांढरे कापड.

दरवर्षीचा दिवस

घरचे श्राद्ध तिथीने होते, सार्वजनिक कार्यक्रम तारखेने. दोन्ही वेगळे ठेवले हे बरे झाले. श्राद्धाच्या दिवशी घरात कॅमेरे नकोत. कार्यक्रम ४० मिनिटांचा : पुष्पचक्र, लास्ट पोस्ट, दोन मिनिटे शांतता, ती संपल्याची बिगुलधून (रूझ), एका कोर्समेटच्या किंवा शिक्षकाच्या दहा मिनिटांच्या आठवणी, राष्ट्रगीत. बिगुल वाजवणारा हवा असेल तर देवळालीच्या स्टेशन मुख्यालयाला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत सहा ते आठ आठवडे आधी पत्र द्यावे. नाही मिळाला तर रेकॉर्डिंग चालते, पण फोनला ब्लूटूथ स्पीकर जोडून नव्हे. इथे पहिल्या वर्षी शांततेच्या मधोमध कुणाचा तरी कॉल त्यावर आला.

दुसऱ्या वर्षी व्यासपीठावर आईवडील पावणेदोन तास उन्हात बसले आणि सूत्रसंचालकाने शेवटी माइक आईपुढे धरला : ‘वीरमाता, दोन शब्द बोला.’ त्या बोलल्या नाहीत. तिसऱ्या वर्षापासून त्यांची खुर्ची पहिल्या रांगेत, सावलीत, आणि माइक त्यांच्याकडे जाणार नाही हे निमंत्रणाच्या आधीच ठरलेले. २६ जुलैला, कारगिल विजय दिनी, याच घराला एका दिवसात पाच-सहा ठिकाणची बोलावणी येतात. आता सगळी बोलावणी मामांकडे जातात आणि एका वर्षी एकच स्वीकारले जाते. सत्कारात मिळालेल्या शाली आणि ट्रॉफ्यांचे काय करायचे, हा प्रश्न या घरांत खरोखर असतो. शाली वृद्धाश्रमात दिल्या.

चौथ्या वर्षी गर्दी ओसरली. हे ठरलेले आहे, त्याचे वाईट वाटून घेऊ नये. शाळेत स्मारक असल्याचा फायदा तेव्हाच कळतो. दिवस कुठल्याही वारी आला तरी परिपाठाला मुले असतात.

दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात (२५ फेब्रुवारी २०१९ ला खुले झाले) त्याग चक्रातल्या ग्रॅनाइटवर दोघांचीही नावे आहेत. तिथे रोज संध्याकाळी हुतात्म्यांच्या कुटुंबीयांच्या हस्ते पुष्पचक्र वाहण्याचा विधी असतो. दोन्ही कुटुंबे प्रथम भेटली ती तिथे.

निधी आणि देखभाल

जमलेल्या पैशांतून ट्रस्ट काढायची कल्पना सोडून दिली. पाच लाखांच्या ठेवीवर सात टक्क्यांनी वर्षाला ३५ हजार येतात. त्यासाठी सार्वजनिक न्यासाची नोंदणी, दरवर्षी लेखापरीक्षण, विश्वस्त बदलला की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, हा संसार परवडत नाही. ठेव शाळेच्या संस्थेकडेच ठेवली, अटी लिहून दिल्या. व्याजातून दहावीच्या पहिल्या येणाऱ्याला ढाल द्यायची का, यावर वाद झाला. बहिणीच्या म्हणण्यावरून ती रक्कम सैन्यदलाच्या मुलाखतीपर्यंत पोचलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या पुस्तकांसाठी, बुटांसाठी आणि नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्राच्या तयारीसाठी ठेवली आहे. एखाद्या वर्षी कुणीच नसते, तेव्हा व्याज मुद्दलात जाते. ही अटही लिहिलेली हवी, नाहीतर ‘यंदा कुणी नाही’ म्हणून पैसे स्नेहसंमेलनात जातात.

देखभालीचा कागद शाळेच्या कार्यालयात लावला आहे. पुतळा महिन्यातून एकदा साध्या पाण्याने, वर्षातून दोनदा सौम्य साबणाने. चिंच, लिंबू, पितांबरी बंद. मे अखेरीस कोरड्या पुतळ्यावर पारदर्शक मेणाचा हात आणि मऊ कापडाने घासणे. हार गळ्यात घालायचा नाही. फुलांचा ओलावा आणि तार यांचे डाग पडतात. पुष्पचक्र पायाशी, आणि ते तिसऱ्या दिवशी उचलायचे. अक्षरांतला रंग दर तीन वर्षांनी. कॉलनीची जुनी पाटी उतरवून ठेवली आहे. ग्रॅनाइटची मागची बाजू कोरी असल्याने ती बाकासाठी वापरायची, असा ठराव कॉलनीच्या सभेत मांडला गेला. निर्णय अजून व्हायचा आहे.